अकरावा गडी

फुटबॉलच्या सतरा नियमांपैकी तिसरा नियम खेळाडूंच्या संख्येचा. एका बाजूला जास्तीत जास्त अकरा, त्यातला एक गोलकीपर. आणि कुठल्याही संघाकडे सातपेक्षा कमी गडी असतील तर सामना सुरू होत नाही, सुरू असलेला पुढे चालत नाही. हे नियम करणाऱ्यांनी वाशिम जिल्हा पाहिला असण्याची शक्यता नाही. पण सोयाबीनच्या सोंगणीत कॉलेजचा संघ परगावी न्यायचा म्हणजे काय, हे त्यांच्या कानावर कुठून तरी गेलं असावं. त्याशिवाय सात हा आकडा सुचत नाही.

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी स्थापन झालं आणि वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघाला. म्हणजे वयाने विद्यापीठ पंधरा वर्षांनी मोठं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिम असा पाच जिल्ह्यांचा त्याचा संसार. सामना कुठे खेळायचा ते घरातलं वडीलधारं माणूस ठरवतं, धाकट्याने पिशवी भरून निघायचं. वाशिमच्या वाट्याला सामन्यापेक्षा प्रवास जास्त येतो तो असा.

पावसाळा उलटल्यावर लागलेले सामने नेमके सुगीत येऊन पडतात. शुक्रवारी दुपारी यादीत सोळा नावं असतात. संध्याकाळी आभाळ भरून येतं आणि सरांचा फोन वाजायला लागतो. "सर, सुडी झाकाची आहे, उद्या नाही जमत." त्यामागोमाग दुसरा, "सर, आमच्या वावरात हडंबा येऊन राह्यला. बाबा म्हणते, मॅच काय पयून जाते का?" सुडी म्हणजे सोंगलेल्या पिकाचा ढीग, हडंबा म्हणजे मळणीयंत्र. ते पाळीपाळीने वावरावावरांत फिरतं आणि पाळी चुकली की कोणाचं ऐकत नाही. विद्यापीठाला अर्ज देऊन तारीख बदलून मिळण्याची निदान आशा असते, हडंबेवाल्याकडे अर्जच चालत नाही. रात्री नऊपर्यंत सोळाचे दहा होतात. अकरावा कोण, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

नागपूर-कामठीकडे हा प्रश्न कोणाला पडत नाही. कामठीला इंग्रजांनी १८२१ साली छावणी वसवली. आता छावणीपेक्षा गावाचं नाव फुटबॉलने जास्त होतं, आणि रब्बानी क्लब म्हटलं की विदर्भातला खेळाडू जागचा उठून बसतो. नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतली मुलं जमवून फुटबॉल उभा केला. नागराज मंजुळे यांनी त्यावरून 'झुंड' काढला, तो २०२२ साली आला आणि वाशिमकरांनीही पाहिला. पण पडद्यावरची पोरं यादीत घालता येत नाहीत. त्यामुळे इथले क्रीडाशिक्षक, ज्यांना सगळं कॉलेज नुसतं 'स्पोर्टवाले सर' म्हणतं, ते रात्री दहाला दुसऱ्या खेळांकडे वळतात.

कबड्डीवाला बचावफळीत जातो. समोरचा फॉरवर्ड पेनल्टी क्षेत्रात शिरला रे शिरला, की हा त्याचा घोटा धरतो आणि साखळी करायला दोन्ही बाजूंना पाहतो. रेफरीने पेनल्टी दिली की "पकड तर क्लीन होती!" म्हणून वाद घालतो. व्हॉलीबॉलवाला कॉर्नरला सगळ्यांपेक्षा उंच उडतो, पण हात वर घेऊनच. खो-खोवाल्याइतकं हुलकावणी देणं कोणाला जमत नाही, फक्त पाठीवर थाप पडल्याशिवाय तो जागचा उठत नाही. क्रिकेटवाला आल्या आल्या सावली कुठे आहे ते बघून ठेवतो आणि फील्डिंग तिथेच मागतो.

तरीही एखादी जागा रिकामी राहिलीच, तर भरतीवाले असतात. जिल्ह्यातल्या कुठल्याही मैदानावर पहाटे पाचला गेलं, तर जी गर्दी दिसते ती पोलीस भरतीची. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० गुण. या पोरांच्या दमाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. सामना सुरू झाला की भरतीवाला उजव्या कडेने जो सुटतो तो टोक गाठतो, वळतो, परत येतो. चेंडू कोणाकडे आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. पाच-सव्वापाच मिनिटांत त्याचे सोळाशे मीटर पुरे होतात. मग तो कमरेवर हात ठेवून सरांना ओरडून विचारतो, "टाइम किती आला?" गोळाफेकवाल्याला गोलमध्ये उभं करतात, कारण त्याचे हात मोठे. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, फुटबॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा. हा फरक त्याच्या खांद्याला समजेपर्यंत दोन चेंडू कुंपणापलीकडे गेलेले असतात.

पोरगं तयार झालं तरी घर तयार व्हावं लागतं. सरांच्या फोनवर बापाचा पहिला प्रश्न ठरलेला, "सर्टिफिकेट भेटते ना?" राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हे गावातल्या पारावर सगळ्यांना पाठ असतं. त्यासाठी कोणत्या दर्जाची स्पर्धा लागते, हे मात्र पारावर कोणी काढत नाही, आणि सरही शुक्रवारी रात्री तो विषय छेडत नाहीत. ते म्हणतात, "भेटते ना भाऊ. खेळला तं भेटते."

मग सामानाची पेटी उघडली जाते. जर्सींच्या पाठीवर रोनाल्डो आणि मेस्सी गुण्यागोविंदाने एकाच बाजूने खेळतात. दोन जर्सींवर एकच नंबर निघतो, म्हणून एकाच्या एकवर काळ्या पट्टीने आणखी एक रेघ ओढून अकरा करतात. बूट आणायचे ज्याचे त्याने, आणि नऊ नंबरच्या पायाला आठ नंबरचा बूट बसतो की नाही हे गाडी सुटल्यावर कळतं. सगळ्यात अवघड प्रश्न नडगीच्या कवचांचा, म्हणजे शिनगार्डचा. चौथ्या नियमाप्रमाणे त्यांच्याशिवाय मैदानात उतरता येत नाही. पेटीत निघतात आठ, त्यातली तीन डाव्या पायाची. इथे उच्च शिक्षणाचा उपयोग होतो. दोनशे पानी वहीचा पुठ्ठा मधोमध कापला, कडा दुमडल्या आणि मोजा वर ओढला, की बाहेरून काही कळत नाही. रेफरी टिचकी मारून तपासतो तेव्हा आवाज थोडा शैक्षणिक येतो, एवढंच. घाईत पुठ्ठा उलटा घातला तर घामाने नडगीवर कॉलेजचं नाव, वर्ग आणि विषय उमटतो, तोही उलट्या अक्षरांत.

शनिवारी सकाळी एसटी स्टँड. क्रूझर करावी असं पोरांचं मत असतं, पण क्रूझरच्या भाड्याचं पक्कं बिल मिळत नाही आणि एसटीचं तिकीट मिळतं, म्हणून सर लालपरीच्या बाजूने असतात. मुलींचा संघही निघाला असेल तर तिकिटाच्या वेळी बसमध्ये वाद ठरलेला. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट. मुलांच्या कप्तानाला हा अन्याय वाटतो, कारण चेंडू एकच, मैदान एकच, नियम सतरा. मुलींची कप्तान खिडकीतून नजर न काढता म्हणते, "घरून परवानगी काढाले किती लागते ते तिकिटावर नाही लिहेल, भाऊ." मुलांच्या कप्तानाला एक फोन करून निघता येतं. तिला आई, बाबा, आजी, मोठा भाऊ आणि कधी कधी शेजारच्या काकूंचीही पात्रता फेरी जिंकावी लागते. मुलींचा संघ स्टँडवर पोचतो तेव्हा तो आधीच चार-पाच सामने खेळून आलेला असतो.

वाशिमहून मंगरूळपीर, तिथून कारंजा, मग बडनेऱ्यावरून अमरावती. जिल्ह्यातून समृद्धी महामार्गही गेला आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्यावरून जाऊ म्हणणारा एक जण प्रत्येक संघात असतो. तो रस्ता अमरावती शहराला जातच नाही, हे त्याला कारंज्यापर्यंत समजावून सांगावं लागतं. वाटेत देवदर्शनाची सोय मात्र भरपूर. मंगरूळपीरला बिरबलनाथ महाराज आणि दादा हयात कलंदरांचा दर्गा, कारंज्याला नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानाचं गुरुमंदिर. सगळा संघ, कोणाचा धर्म कोणता हे न बघता, तिन्ही ठिकाणी खिडकीतून हात जोडतो. पण सामना अमरावतीत असतो आणि तिथे अंबादेवी बसलेली. घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात तो इथूनच सुरू होतो.

कारंज्याला बस थांबली की युनायटेडची लाल जर्सी घातलेला मिडफिल्डर चहाला उतरतो. त्याला बहुधा ठाऊक नसतं, की मँचेस्टरहून कारंज्याला खरोखरच एक खेळाडू येऊन गेला होता. यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज लाइनवरची शकुंतला कारंज्यावरूनच धावायची. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९२३ साली कामावर आलं आणि एप्रिल १९९४ मध्ये डिझेल इंजिन येईपर्यंत राबत राहिलं. एकाहत्तर वर्षांत ना बदली खेळाडू, ना दुखापतीची सुट्टी. वेगाबद्दल तक्रार होती, पण उजव्या कडेच्या भरतीवाल्यापेक्षा त्याला दिशा चांगली कळत होती. आता गाडीच बंद आहे.

अमरावतीत सामन्याआधीची संध्याकाळ धोक्याची. "लवकर झोपा बे, उद्या सकाळी रिपोर्टिंग आहे," असं सांगून सर विद्यापीठाच्या बैठकीला जातात. संघ राजकमल चौकात जातो. अमरावतीला येऊन गिला वडा न खाता परत गेला, तर गावात कोणी विश्वास ठेवणार नाही. शनिवारचा उपवास असलेले दोघे-तिघे साबुदाण्यावर भागवतात, आणि सकाळी तेच तेवढे ताजेतवाने असतात. बाकीच्यांना कालचं दही आणि चटणी हाफटाइमपर्यंत साथ देतात.

मुक्काम एखाद्या वर्गात. बाकं जोडून पलंग होतात, पंख्याखालच्या बाकावरून संघात पहिली फूट पडते, आणि सर परत येऊन फळ्यावर डावपेच समजावतात. फळ्यावर आदल्या दिवशीच्या अर्थशास्त्राच्या तासाची मागणीची वक्ररेषा तशीच असते. डस्टर मिळत नाही. त्यामुळे चार-चार-दोनची रचना त्या रेषेवरच काढावी लागते, डावा बॅक किमतीजवळ येतो आणि सेंटर फॉरवर्ड मागणीजवळ. ऑफसाइड समजावताना सर वक्ररेषेवर बोट फिरवतात. सेकंड इयरचा एक जण मान डोलावून म्हणतो, "म्हंजे भाव वाढला का मागणी कमी." त्या दिवसापुरतं ऑफसाइडचं याहून चांगलं आकलन संघात कोणाला झालेलं नसतं.

समोर कोण येईल याची धास्ती वेगळीच. या शहरात श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेलं. शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय तिथेच आहे, म्हणजे तिथल्या पोरांना मैदानावर जाणं हाच तास असतो. मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं, त्यात कबड्डीही होती. हा इतिहास सरांनी नाश्त्याला सांगितला, तो पोरांचा हुरूप वाढावा म्हणून. पण आपला कबड्डीवाला बॅक तेवढा खूश होतो. बाकीचे विचार करत बसतात, की जी माणसं बर्लिनला जाऊन आली त्यांच्या गावात आपण पुठ्ठे बांधून आलो.

सामना मात्र थोडक्यात आटपतो. कागदावर नव्वद मिनिटं, पण दिवसभरात बरेच सामने उरकायचे म्हणून वेळेला कात्री लागते. अकराचं ऊन, फक्कीच्या रेषा अर्ध्या वाऱ्याने नेलेल्या, मैदानाच्या मधोमध क्रिकेटची पीच. त्या टणक पट्टीवर चेंडू पडला की तो कोणाचाच राहत नाही. पहिला गोल आपल्यावर होतो तेव्हा बचावफळीतले चौघे एकमेकांकडे बघतात. दुसऱ्याला सगळे गोलकीपरकडे बघतात. तिसऱ्याला सगळे सरांकडे, आणि सर घड्याळाकडे. हाफटाइमला नियमाप्रमाणे पंधरा मिनिटांपेक्षा जास्त विश्रांती नाही. त्यात मोसंबी सोलायला बारा जातात आणि उरलेल्या तीन मिनिटांत सर सांगतात, "आता फक्त खेळा." दुसऱ्या डावात एकाला पायात गोळा येतो, दुसऱ्याचा बूट फाटतो, राखीव गडी दोनच असतात आणि त्यातला एक कालपासून गिल्या वड्याच्या ताब्यात. मैदानावर दहा उरतात. सात व्हायला अजून तीन बाकी आहेत, असा हिशेब करून सर पाणी पितात.

आणि तेवढ्यात कधी कधी एक गोल होतो. खो-खोवाल्याला धावता धावता कोणाचा तरी हात पाठीला लागतो, त्याला वाटतं खो मिळाला, तो उसळतो, तिघांना हुलकावणी देतो आणि गोलकीपर पुढे आलेला असताना चेंडू जाळ्यात जातो. गोल ऑफसाइड होता की नाही यावर बसमध्ये बडनेऱ्यापर्यंत चर्चा होते. मागणीच्या वक्ररेषेप्रमाणे नव्हता.

कॉलेजच्या पोरांनी परगावी जाऊन फुटबॉल खेळायची रीत मुळातच जुनी. अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना म्हणून जो सांगतात, तो ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत झाला, रटगर्स विरुद्ध प्रिन्स्टन. प्रिन्स्टनची पोरं आगगाडीने आली होती. नियम बरेचसे लंडनच्या फुटबॉल असोसिएशनचे होते, चेंडू लाथेने मारायचा होता, आणि एका बाजूला खेळाडू होते पंचवीस! वाशिमच्या सरांना हा आकडा कोणी सांगू नये, त्यांना रात्री झोप लागणार नाही. रटगर्सने सहा विरुद्ध चार असा सामना जिंकला आणि आठवड्याने प्रिन्स्टनने आपल्या गावी त्यांना आठ-शून्य असं परत पाठवलं. म्हणजे पाहुण्या संघाची गत तेव्हापासून ठरलेली. तिसरा सामना व्हायचा होता, तो झालाच नाही. पोरांचा अभ्यास बुडतो म्हणून प्राध्यापकांनी हरकत घेतली, असं सांगतात. नोव्हेंबरात तिकडे सोयाबीनची सोंगणी नव्हती, नाहीतर त्यांना हरकत घ्यायचीही गरज पडली नसती.

परतीच्या बसमध्ये हरलेला संघ कारंज्यापर्यंत गप्प असतो, कारंज्याला आलूबोंडा खातो आणि मंगरूळपीर येईस्तोवर जिंकलेला असतो. गावात "किती झालं?" असं कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "टफ दिली." सगळ्यात जास्त भाव गोलकीपरचा वाढलेला असतो. विद्यापीठाच्या संघाची निवड याच सामन्यांतून होते, आणि निवड करणाऱ्यांना वाशिमचा दुसरा कोणी दिसायला वेळच नसतो, कारण चेंडू सगळा वेळ गोळाफेकवाल्यापाशी. सहा गोल खाल्ले खरे, पण वीस अडवलेही. पुढेमागे आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळला तर कलर कोट मिळेल, मग तो कोट घालून लग्नात जाता येईल. ज्याच्यावर संपूर्ण बचावफळीने एवढा अन्याय केला, त्याचंच त्यातून भलं होतं, आणि बचावफळी त्याचं श्रेय मागायला बसमध्ये त्याच्या भोवती जमते.

सरांचा सामना सोमवारी कार्यालयात असतो. एसटीची तिकिटं शर्टाच्या खिशात ठेवली होती, घामाने आणि उन्हाने त्यांच्यावरची शाई उडाली आहे. पांढऱ्या कागदांच्या चिठोऱ्यांवर कोणता प्रवास छापला होता, ते सर तोंडी सांगतात. मोसंबीचं बिल कच्चं. गिल्या वड्याचं बिलच नाही, कारण अधिकृतपणे तो कोणी खाल्लेला नाही. त्यातून क्लार्कच्या लक्षात येतं, की जाताना तिकिटं तेरा आहेत आणि येताना बारा. सर चष्मा पुसत खुलासा लिहितात, "एक खेळाडू सामन्यानंतर अमरावती येथे मामाकडे थांबला." क्लार्क कागद उलटसुलट करतो आणि म्हणतो, "ठीक आहे सर, पण मामांची सही?"

सर खिशातून मोबाइल काढतात. स्क्रीनवर त्या पोराचा मेसेज येऊन पडलेला असतो. मामाच्या वावरात हडंबा आला आहे, गुरुवारपर्यंत सुटका नाही, आणि पुढच्या शनिवारच्या अकोल्याच्या मॅचच्या यादीत आपलं नाव नक्की धरावं.